जगन्नाथराव आणि साठ परवाने

हॉटन, मिशिगन
२ एप्रिल २००५

ती. एकनाथकाका,

साष्टांग नमस्कार, पण स्नोबूट घालूनच. एप्रिल लागला हे इथल्या बर्फाला अजून कोणी कळवलेलं नाही.

फोन सोडून पत्र का, असं विचारू नका. फोनवर काकूच बोलते आणि तुम्ही मागून "जेवते का नीट, विचार" एवढंच ओरडता. ई-मेलमध्ये मराठी लिहिलं की तुमच्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन उमटतात. म्हणून पत्र.

बातमी अशी की मला विषय मिळाला. प्रोफेसर लिंडक्विस्ट यांनी परवा मान डोलावली. हे गृहस्थ वर्षातून दोनदाच मान डोलावतात, म्हणून नेत्राने आणि मी (नेत्रा म्हणजे माझी रूममेट) रात्री शिरा केला. विषय काळ्या अस्वलांचा आहे. म्हणजे अस्वलांचा नव्हे, त्यांच्या शिकाऱ्यांचा. दर वर्षी परवाना किती जणांना मिळतो आणि त्यातल्या किती जणांना अस्वल मिळतं, एवढंच शोधायचं. सगळे म्हणतात की हा खेळ बंदुकीचा, अनुभवाचा, नशिबाचा. माझं म्हणणं, तो जागेचा आहे. ज्याला कुणाच्या तरी खाजगी जमिनीत बसायची परवानगी आहे त्याला अस्वल मिळतं. ज्याला नाही, तो सरकारी जंगलाच्या चिंचोळ्या पट्ट्यात नऊ दिवस सँडविच खातो आणि घरी जातो. चार वर्षांचे आकडे मांडले तर इतकी सरळ रेष येते की मी ती उशाशी घेऊन झोपते. पाचव्या वर्षीही ती तशीच आली की प्रबंध झाला.

आणि गंमत म्हणजे मी अभ्यासाला घेतलेला भाग तुमच्या त्या जंगलातल्या केबिनचाच आहे! लहानसा, बहुतेक जमीन खाजगी, आकडे स्वच्छ.

असिस्टंटशिप पुढच्या मे महिन्यापर्यंतच आहे. तोवर पदवी हातात पडली तर ठीक, नाहीतर नागपूरचं विमान. बाबा परवा पुन्हा म्हणाले, "जनावरंच मोजायची होती तर दोन तासांवर वाघ आहेत की!" तुम्ही त्यांच्याशी चाळीस मिनिटं भांडला नसता तर मी आज इथे नसते. ते मी विसरलेली नाही.

तुमची,
देवयानी


नोव्हाय, मिशिगन
१६ एप्रिल २००५

चि. देवयानी,

आशीर्वाद. काकूचे वेगळे आहेत, ते लाडवांबरोबर येतील.

पत्रासोबत आलेली तुझी रेष मी फ्रिजवर लावली आहे. मी सत्तावीस वर्षं मोटारींच्या दारांच्या कड्या तपासल्या. दार ऐंशी हजार वेळा उघडायचं, ऐंशी हजार वेळा लावायचं आणि कडी कधी तुटते ते लिहून ठेवायचं. त्या सत्तावीस वर्षांत रिपोर्टमध्ये एक आकडा खोटा घातला नाही. सरळ रेष म्हणजे काय ते मला कळतं. तू डॉक्टर झालीस की तुझ्या बाबांना मी स्वतः फोन करणार आहे, आणि त्या दिवशी काकूला बोलू देणार नाही.

केबिनचं म्हणशील तर तिथे सध्या तुझ्या काकूचं वेगळंच चाललंय. आमच्या ऐंशी एकरांत एक भलं मोठं अस्वल येतं. काकूने त्याचं नाव जगन्नाथराव ठेवलंय. तिच्या माहेरी त्या नावाचे एक मामा होते, तेही असेच मागे हात बांधल्यासारखे डुलत चालायचे आणि जेवणाच्या वेळेला बरोबर हजर व्हायचे. ती त्याला अहो-जाहो करते. मला तीस वर्षांत केलं नाही.

शेजारी डेल आहे. सत्तरीचा, सज्जन, आमच्या रस्त्यावरचा बर्फ न सांगता काढणारा. पण चाळीस वर्षांचा शिकारी. त्याने विचारलं, "एक, तुझ्या जागेत बसू का?" (मला तो एकच म्हणतो. नाथ त्याला झेपत नाही.) मी नाही म्हटलं. तो बरं म्हणाला. पण जगन्नाथरावांना हद्द कळत नाही, ते तिकडेही जातात. काकूचा घास खाली उतरत नाही.

तर एक शंका, निव्वळ अभ्यास म्हणून. परवाने एकूण किती? कोणाला मिळतात?

तुझा,
काका


हॉटन
२५ एप्रिल २००५

ती. काका,

लाडू पोचले. लिंडक्विस्ट सरांनी दोन खाल्ले आणि ते कशाचे बनवतात हे वहीत लिहून घेतलं.

तुमच्या शंकेचं उत्तर. तुमच्या भागात साठ परवाने. अर्ज करायचे, मग सोडत निघते. ज्याला लागलं नाही त्याला एक पॉइंट मिळतो आणि पुढच्या वर्षी त्याचा नंबर आधी लागतो. इतर भागांत लोक पाच-पाच वर्षं पॉइंट साठवत बसतात, पण तुमच्या भागाला मागणी फार नाही. परवाना मिळून बसायचं कुठे? सगळीकडे "खाजगी जागा" अशा पाट्या. पहिल्याच अर्जात निम्म्या लोकांना लागतं. साठ परवान्यांत साधारण अठरा अस्वलं मारली जातात, आणि वन्यजीव खात्याला तेवढीच हवी असतात.

बंदूक चालवण्याचा कोर्स करावा लागतो, पण १९६० च्या आधी जन्मलेल्यांना तोही माफ! म्हणजे काका, तुमच्या मराठी मंडळाचा अख्खा ज्येष्ठ कट्टा पात्र आहे. एकाही अस्वलाला धक्का न लावता त्यांना वाचवायचं असेल तर सगळे परवाने तुम्ही लोकांनीच घेऊन टाकावेत. हा विनोद मी लिंडक्विस्ट सरांना सांगितला. ते हसले नाहीत.

देवयानी


नोव्हाय
१० जुलै २००५

चि. देवयानी,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, कारण कट्ट्याच्या कामात गळ्यापर्यंत बुडालो होतो. आमचा एक उपक्रम चालू आहे. त्यात सोडत होती. एक्केचाळीस जणांनी फॉर्म भरले. सगळे फॉर्म मी स्वतः तपासले, जन्मतारखा टाकल्या, सह्या घेतल्या. तेवीस जणांना लागलं! मला लागलं, काकूला लागलं, शरयू गोखल्यांना लागलं. अवधूत टिपणिसांना लागलं नाही. ते चौऱ्याहत्तर सालापासून या देशात आहेत आणि शरयूबाई नव्वद साली आल्या, तेव्हा हे कसं झालं, असं त्यांनी मला फोनवर तीनदा विचारलं. आता ते माझ्याशी फक्त हवामानावर बोलतात.

कसली सोडत ते विचारू नकोस. दिवाळीला ये, समोर बसवून सांगतो. तू उडीच मारशील.

तुझा,
काका


हॉटन
२० ऑगस्ट २००५

ती. काका,

एक्केचाळीसपैकी तेवीस! एवढी उदार गणपतीची सोडत मी पहिल्यांदाच ऐकली. काकूला साडी लागली असेल तर रंग कळवा. टिपणीस काकांना समजुतीखातर एखादं स्टीलचं भांडं द्या.

इथे माझं बरं चाललंय. लिंडक्विस्ट सरांनी माझी रेष मोठी छापून कॉरिडॉरमध्ये लावली आहे. येणाराजाणारा थांबून बघतो. सप्टेंबरचा सीझन झाला की खातं सगळ्या परवानेधारकांना फॉर्म पाठवतं, जानेवारीत आकडे माझ्याकडे. सर म्हणाले, "आता काही बिघडायचं असेल तर अस्वलांनाच वाचता यायला हवं." हा त्यांचा विनोद होता. मला दोन दिवसांनी कळलं.

दिवाळीला येणं जमणार नाही असं दिसतं. रागावू नका.

देवयानी


नोव्हाय
२८ सप्टेंबर २००५

(काकूचं हे पत्र पोस्टात टाकतो म्हणून एकनाथकाकांनी घेतलं आणि कोटाच्या खिशात ठेवलं. ते जानेवारीपर्यंत तिथेच राहिलं.)

चि. देवयानी,

ह्यांचं म्हणणं तुला दिवाळीत सांगायचं. पण तू येत नाहीस, आणि माझ्या पोटात राहत नाही.

अगं, आम्ही सगळे अस्वलाचे परवाने घेऊन बसलो होतो! तूच सुचवलंस ना? तेवीस जण, नऊ दिवस, केबिनला दोन बाथरूम. मी आधी म्हटलं होतं की कागद मिळालेत ते ड्रॉवरमध्ये ठेवा आणि घरी बसा. पण शरयू म्हणाली, "सुलभाताई, एवढं मिळालंय ते यूज न करता वेस्ट कसं करायचं?" झालं. सगळ्यांना पटलं. आपल्याला हॉटेलातला साबण टाकून येववत नाही, हा तर सरकारी परवाना.

मग रोज पहाटे सगळे नारिंगी जाकिटं घालून घडीच्या खुर्च्यांवर ओळीने. ह्यांच्या हातात नियमांचं पुस्तक आणि गळ्यात शिट्टी. वेळ सुरू झाली की एक शिट्टी, संपली की दोन. बंदूक कोणाकडेच नव्हती. राजेश देवधरांकडे कॅमेरा होता, पण त्याची बॅटरी संपलेली. पुस्तकात आमिष ठेवायची परवानगी आहे असं ह्यांनी वाचलं, तर मी म्हटलं, आमिष कसलं, आल्यागेल्याला ताट वाढायचं. बुधवारी संकष्टी होती म्हणून साबुदाण्याची खिचडी केली. जगन्नाथराव असे काय पातेलं धरून बसले म्हणतेस! दाण्याचं कूट कमी पडलं असावं, कारण शेवटी माझ्याकडे बघितलं. दोन दिवसांनी आणखी चार-पाच जण आले. सगळं जंगल आमच्याकडेच जेवायला.

डेलला यंदा परवाना लागला नाही. तो कुंपणापलीकडून बघायचा. एकदा म्हणाला, "सुलभा, चाळीस वर्षांत मी असं हंटिंग पाहिलं नाही." मी त्यालाही डिश दिली. पण त्याचं तोंड उतरलेलं बघून मला कसंतरीच झालं. त्याचा परवाना आमच्यातल्याच कोणाकडे तरी आला असणार ना?

तुझी,
काकू


हॉटन
१४ जानेवारी २००६

ती. काका,

हे पत्र बाबांना दाखवू नका. खरं तर कोणालाच दाखवू नका.

माझी रेष गेली. साठ परवान्यांत पाच अस्वलं. पाच! दर वर्षी अठरा असतात. पण तेही मी सोसलं असतं. या साठांत तेवीस ओळी अशा आहेत की मी त्या चार वेळा वाचल्या. तेवीसच्या तेवीस जणांना खाजगी जमिनीत बसायला मिळालं. सगळे नऊच्या नऊ दिवस बसले, एक मिनिट कमी नाही. आमिष वापरलं. अस्वल दिसलं का? रोज. किती अंतरावरून? पंधरा फूट. एकाने चार फूट लिहिलंय. आणि मारलेली अस्वलं किती? शून्य.

म्हणजे ज्यांना जगातली सर्वांत उत्तम जागा मिळाली त्यांना काहीच मिळालं नाही. माझा सगळा सिद्धांत याच्या बरोबर उलट आहे. मी दहा दिवस गणित मांडतेय. वय घालून पाहिलं, पाऊस घातला, चंद्राच्या कलासुद्धा घातल्या. लिंडक्विस्ट सरांनी काल कॉरिडॉरमधली रेष काढली. गुंडाळी करून माझ्या टेबलावर ठेवली. मला ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

ही कोण माणसं आहेत काका? नावं आम्हाला देत नाहीत, नुसते नंबर. पंधरा फुटांवर अस्वल असताना नऊ दिवस नुसतं बसणारी तेवीस माणसं अमेरिकेत आली कुठून?

मे महिन्यात मी बहुतेक परत जाईन. तुम्ही माझ्यासाठी भांडलात, त्याचं मी हे केलं.

देवयानी


नोव्हाय
२२ जानेवारी २००६

चि. देवयानी,

ती माणसं मी आहे.

सोबत काकूचं सप्टेंबरमधलं पत्र ठेवतो, ते आधी वाच. मी ते खिशात ठेवलं, कारण मला तुझ्यासमोर मिरवायचं होतं. दिवाळीला तू येशील, मी परवाना टेबलावर ठेवीन आणि म्हणेन, बघ, तुझ्या विनोदाचं आम्ही काय केलं. चार फूट लिहिणारी शरयू.

त्या फॉर्मवर मी सगळ्यांकडून अक्षरन् अक्षर खरं लिहून घेतलं. मंडळाच्या हॉलमध्ये बसून, तास मोजून. जेवायला उठलो ती वीस मिनिटं वजा करायची का, यावर एक संध्याकाळ गेली. शेवटी ताट खुर्चीवरच होतं म्हणून धरायची ठरलं. सत्तावीस वर्षं एक आकडा खोटा लिहिला नाही याचा मला गर्व होता, आणि आता सगळे आकडे खरे लिहून मी तुझी पाच वर्षं बुडवली. तुझं पत्र आल्यापासून मला जेवण जात नाही.  काकू मला अहो म्हणायला लागली आहे, यावरून काय ते समज.

काय करू ते सांग. आम्ही तेवीस जण गाड्या काढून हॉटनला येतो आणि तुझ्या प्रोफेसरांची माफी मागतो. टिपणीसही यायला तयार आहेत. त्यांच्याकडे परवाना नव्हता, पण एक पॉइंट आहे असं ते सगळ्यांना सांगतात.

तुझा अपराधी,
काका


हॉटन
२ फेब्रुवारी २००६

ती. काका,

पत्र वाचून मी तासभर रडले. मग काकूचं पत्र वाचलं. खिचडीपाशी आले आणि खोलीत इतकी हसले की नेत्राने दार लावून घेतलं. त्यानंतर पुन्हा राग आला. तुम्ही माझ्यापासून लपवलंत, हे मला लागलं. विनोद माझाच होता, हेही लागलं.

फॉर्मच्या पाठीमागे शेऱ्यांची जागा असते. ते शेरे कोणी वाचत नाही, आमच्या इमारतीच्या तळघरातल्या एका पेटीत पडतात. मी खाली गेले आणि तुमचे तेवीस शोधून काढले. प्रश्न : अस्वल दिसूनही मारलं का नाही? एकाने लिहिलंय, "त्यांचं जेवण व्हायचं होतं." एकीने, "मारण्याचा संबंधच काय?" कोणीतरी पुरवणी जोडून खात्याच्या आदरातिथ्याबद्दल आभार मानलेत. पुरवणी तुमच्या अक्षरात आहे.

हे सगळं मी सरांपुढे ठेवलं. त्यांनी तेवीसही शेरे वाचले. मग म्हणाले, "या तेवीस जणांना बाजूला ठेवून उरलेले सदतीस मांड."

मांडले. सदतिसांत पाच. पूर्वीच्या निम्म्याहून कमी. का? तर नऊ दिवस अस्वलं तुमच्या ऐंशी एकरांत खिचडी खात होती आणि तिथे दुसऱ्या कोणाला पाऊल टाकायची परवानगी नव्हती! जागा बंद तर अस्वल नाही. काका, माझा सिद्धांत इतका ठळक आजवर कोणत्याच वर्षी दिसला नव्हता.

पण दोन अडचणी आहेत. पहिली : मला नको म्हणून मी तेवीस ओळी पुसू शकत नाही. परवाना ज्याच्याकडे, तो शिकारी, असं खातं मानतं. तुम्ही शिकारी नव्हता हे तुम्ही स्वतः, लेखी आणि तोंडी सांगायला हवं.

दुसरी ऐकून खुर्चीत बसा. खात्याला अठरा अस्वलं हवीत. साठ परवान्यांत पाच मिळाली. मग अठरांसाठी किती लागतील? दोनशे सोळा. पुढच्या सीझनला त्यांनी दोनशे परवाने काढायचं ठरवत आणलंय. तुम्ही जगन्नाथरावांना वाचवायला जे केलंत त्याने त्यांच्यामागे एकशे चाळीस बंदुका जास्त लागणार आहेत.

११ मार्चला तिकडच्या टाउनशिप हॉलमध्ये जाहीर सुनावणी आहे. माझी परीक्षा त्याच आठवड्यात, मला येता येणार नाही. आकडे सोबत पाठवते. तुम्ही उभे राहाल ना?

देवयानी


नोव्हाय
१२ मार्च २००६

चि. देवयानी,

उभा राहिलो.

हॉलमध्ये साठ-सत्तर शिकारी, पुढे खात्याचे तीन अधिकारी, मधोमध आम्ही चोवीस. प्रत्येकाला तीन मिनिटं दिली होती. तुला आपली माणसं माहीत आहेत. देवधरांची तीन मिनिटं व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घेण्यात गेली. शरयूबाईंनी स्वतः केलेली चारोळी इंग्रजीत म्हटली. टिपणिसांनी परवान्याविना आलेल्या दुःखावर भाषण केलं आणि ते शिकाऱ्यांना इतकं पटलं की टाळ्या पडल्या. काकूने अध्यक्षांना शाल आणि नारळ दिला. त्यांनी नारळ कानाशी धरून हलवला आणि घाबरून सुरक्षारक्षकाकडे बघितलं. मागून डेल अध्यक्षांना ओरडून म्हणाला, "इट्स फूड, जिम! तिच्याकडचं सगळं फूडच असतं."

मग माझी पाळी. तुझे आकडे वाचले.  म्हटलं, आम्ही तेवीस जण शिकारी नाही, कधीच नव्हतो. मी हे खात्यापासून लपवलं नाही, पण माझ्या पुतणीपासून लपवलं. तिचं गणित बरोबर आहे. चूक माझी आहे. हे म्हणताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही पुन्हा अर्ज करणार?" मी डेलकडे बघितलं. गेल्या वर्षी त्याचा परवाना आमच्यामुळे गेला होता. मी म्हटलं, नाही. सगळ्यांनी तसं लिहून सह्या केल्या. टिपणिसांनी पॉइंट सोडायला साफ नकार दिला, पण तो वापरणार नाही असं तोंडी कबूल केलं.

परवाने साठच राहणार. खात्याच्या बाई म्हणाल्या, तुझा प्रबंध झाला की त्यांना एक प्रत हवी आहे.

काकूने रात्री मला "अरे" म्हटलं.

तुझा,
काका


नोव्हाय
४ ऑक्टोबर २००६

चि. सौ. नाही, चि. डॉक्टर देवयानी,

अजून मला हे लिहायला गोड वाटतं म्हणून पुन्हा लिहिते, डॉक्टर देवयानी! तुझ्या बाबांना ह्यांनी मे महिन्यात फोन केला, तेव्हा मी मधे बोलले नाही हे लक्षात ठेव.

सीझन झाला. यंदा डेलला परवाना लागला, गेल्या वर्षीचा पॉइंट होता ना. आम्ही शब्द दिलेला, तेव्हा केबिनवर दोघंच. ऐंशी एकरांवर पाट्या लावल्या, पण जगन्नाथराव कुठे पाट्या वाचतात? मी यंदा काही शिजवलंही नाही, ह्यांनी सांगितलं की बोलावून घेतलेलं अस्वल म्हणजे पुन्हा तोच घोळ. डेल आपल्या हद्दीत, त्याचं डोनटचं पिंप घेऊन बसलेला. त्याला काय बोलणार? त्याचा हक्क आहे, आणि मार्चमध्ये आम्हीच तो कबूल केला.

एक वेडेपणा मात्र मी जुलैत केला होता. डेल चहाला आला होता आणि जगन्नाथराव अंगणात उगवले. मी डेलचा हात धरून पायरीवर नेलं आणि म्हटलं, "डेल, धिस इज जगन्नाथराव. जगन्नाथराव, हे डेल, आमचे शेजारी." तुझे काका लाजेने आत गेले. डेलने मात्र टोपी काढली.

नऊ दिवस मी बंदुकीच्या आवाजाकडे कान लावून होते. जेवण नाही, झोप नाही. एकदाही आवाज झाला नाही. दहाव्या दिवशी सकाळी जगन्नाथराव मागे हात बांधल्यासारखे डुलत आले, तेव्हा मी पायरीवर बसून हमसून हमसून रडले.

आनंद झाला, पण डेलचं वाईट वाटतं गं. बिचाऱ्याला अस्वल दिसलंसुद्धा नसणार. वर्षभर वाट बघितलेली. मी त्याला समजुतीखातर चकल्यांचा डबा दिला. तो म्हणाला, "इट्स ओके, सुलभा, आय हॅड अ गुड सीझन." स्वभावच मोठा आहे त्याचा.

तुझी,
काकू


हॉटन
१९ जानेवारी २००७

ती. काकू,

नमस्कार. काकांनाही हे वाचून दाखव, पण आधी तू वाच.

यंदाचे फॉर्म आले; डॉक्टर झाले तरी ते मोजायचं काम माझ्याकडेच आहे. आता मी आकड्यांआधी तळघरात जाते आणि पेटी उघडून शेरे वाचते. लिंडक्विस्ट सर म्हणतात की हा भारतीय पद्धतीचा अभ्यास असावा.

एक फॉर्म तुमच्या भागातला. नाव नाही, नंबर आहे. वय एकाहत्तर. शिकारीचा अनुभव चाळीस वर्षांहून जास्त. जमीन खाजगी, स्वतःची. आमिष, डोनट. दिवस नऊ. रायफल, भरलेली. अस्वल दिसलं का? रोज. किती अंतरावरून? बारा पावलं. मारलं? नाही.

खाली प्रश्न : का नाही? तिथे त्याने पेन्सिलीने एकच ओळ लिहिली आहे.

"सुलभाने आमची ओळख करून दिली होती."

सर म्हणाले, ही ओळ बाजूला काढ, त्या तेविसांसारखी. मी म्हटलं, नाही सर. ते तेवीस शिकारी नव्हते. हा आहे. जागा होती, परवाना होता, बंदूक होती, अस्वल समोर होतं. ही ओळ राहणार. त्यांनी मान डोलावली. या वर्षातली पहिली.

त्यामुळे माझी रेष शेवटाला किंचित वाकली आहे. ती तशीच मोठी छापून मी कॉरिडॉरमध्ये लावली.

डेलकाकांना माझा नमस्कार सांग. जगन्नाथराव सध्या झोपले असतील, ते उठले की त्यांनाही.

तुझी,
देवयानी